सरहद्दीच्या खिडकीपुढची बाई : ‘मम्मो’ आणि ‘रेत समाधी’

आमची फुफी लग्न होऊन कराचीला गेली तेव्हा पाकिस्तान नव्हतं. रत्नागिरीहून मुंबई आणि मुंबईहून आगबोटीने कराची, हा प्रवास त्या काळी कोकणी मुसलमानांना परदेशाचा वाटत नसे. बोटीवरची, गोदीतली नोकरी घेऊन कितीतरी घरं तिकडे गेली होती. पुढे फुफी आपल्या घरातून हललीही नाही आणि तिचा मुलूख मात्र बदलला. फुफा वारल्यावर १९८१ साली ती समझोता एक्स्प्रेसने, मग दिल्ली-मुंबई करत, शेवटी एस.टी.ने गावी आली. तिला हजेरीला तालुक्याच्या पोलीस ठाण्यात नेण्याचं काम माझ्याकडे होतं. मी तेव्हा दहा वर्षांचा.

हवालदाराने नवऱ्याचं नाव विचारलं. फुफीने अदबीने ‘मरहूम’ म्हणून मग नाव सांगितलं. हवालदाराने ‘मरहूम’ हे पहिलं नाव समजून रजिस्टरात लिहून टाकलं. पुढच्या खेपेला दुसरा माणूस बसला होता. त्याने रजिस्टर पाहून विचारलं, “हे मरहूम सध्या कराचीतच असतात का?” फुफी म्हणाली, “हो, कराचीतच आहेत.” मला हसू आलं, तिने माझा हात दाबला. बाहेर आल्यावर म्हणाली, “खोटं काय बोलले मी? कबर तिथंच आहे.”

ही आठवण मी कौतुकासाठी सांगत नाही. परमुलखातली विधवा सरकारी खिडकीपुढे उभी राहते तेव्हा तिला पहिला प्रश्न तिच्याविषयी नसतोच. तो एका पुरुषाविषयी असतो. नवरा कोण, बाप कोण, मुलगा कुठे, इथे कोणाकडे उतरलात? ती स्वतः कोण, हे शेवटी. साहित्याने आणि सिनेमाने ही खिडकी कशी पाहिली, हे तपासताना माझ्यासमोर दोन कलाकृती येतात. एक श्याम बेनेगल यांचा १९९४ चा चित्रपट ‘मम्मो’, दुसरी गीतांजली श्री यांची २०१८ ची हिंदी कादंबरी ‘रेत समाधी’. दोन्हींत म्हातारी विधवा आहे, दोन्हींत भारत-पाकिस्तानची सरहद्द आहे. पण खिडकीपुढे त्या दोघी ज्या तऱ्हेने उभ्या राहतात त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि त्या फरकाबद्दल आपण मुसलमान वाचकांनी तरी बोललं पाहिजे.

आधी थोडा कायदा, कारण त्याशिवाय मम्मोची घालमेल कळत नाही. फाळणी झाली तेव्हा दोन देशांमध्ये पासपोर्ट नव्हता. जुलै १९४८ मध्ये भारताने पश्चिम पाकिस्तानातून येणाऱ्यांसाठी परमिट सुरू केलं, आणि ऑक्टोबर १९५२ पासून पासपोर्ट आला. राज्यघटनेच्या सातव्या कलमानुसार १ मार्च १९४७ नंतर जो पाकिस्तानात स्थलांतरित झाला तो भारताचा नागरिक राहिला नाही. अपवाद फक्त कायमच्या वास्तव्याचं परमिट घेऊन परतलेल्यांचा. त्यावर इंग्रजी कायद्याचं जुनं तत्त्व असं की बायकोचा अधिवास नवऱ्याच्या मागून चालतो. म्हणजे नवऱ्याने जायचं ठरवलं की बाईही गेली, मग तिला कोणी विचारलेलं असो वा नसो. आणि तोच नवरा मेल्यावर? तेव्हा मात्र तिचा अधिवास त्याच्या मागून परत येत नाही. तो तिथेच, कबरीपाशी राहतो.

पाकिस्तानी नागरिकांना दीर्घ मुदतीचा व्हिसा देण्याच्या भारत सरकारच्या नियमांत एक प्रवर्ग आहे. मूळ भारतीय असलेली, तिकडे लग्न केलेली स्त्री वैधव्य किंवा तलाकमुळे परतत असेल आणि तिकडे तिला सांभाळणारा कोणी पुरुष नसेल, तर तिचा अर्ज विचारात घेता येतो. नियम दयाळू आहे, मी नाकारत नाही. पण त्याची भाषा पाहा. बाईने सिद्ध काय करायचं, तर पुरुष नसणं. जी आई आपल्या मुलांना तिकडे ठेवून फक्त बहिणीजवळ मरायला इथे येऊ पाहते ती या नियमात बसत नाही, कारण तिला मुलगा आहे. तो तिला विचारतो की नाही हा प्रश्न फॉर्मवर नसतो. आमच्या फुफीला दोन मुलगे होते.

मम्मोला मूल नाही. मेहमूदा बेगम तिचं नाव, घरात मम्मो. फाळणीआधीच्या हिंदुस्थानात जन्मलेली, लग्नाने लाहोरची झालेली. नवरा मेल्यावर जायदादीच्या वादात सासरच्यांनी घराबाहेर काढलं, तेव्हा ती मुंबईला बहिणीकडे येते. बहीण फय्याजी आपल्या तेरा वर्षांच्या नातवाला, रियाजला, सांभाळते आहे. जागा तुटपुंजी, पैसा त्याहून कमी. मम्मोकडे तात्पुरता व्हिसा आहे आणि तो वाढवून घ्यायला तिला पोलिसांच्या दारात पुन्हा पुन्हा जावं लागतं. एक अधिकारी पैसे घेऊन तिचं काम करून देतो. घर निश्चिंत होतं. मग त्या अधिकाऱ्याची बदली होते, नवा येतो, आणि एके दिवशी मम्मोला उचलून फ्रंटियर मेलमध्ये बसवलं जातं. बहीण आणि नातू स्टेशनवर पोचेपर्यंत उशीर झालेला असतो.

कथा खालिद मोहम्मद यांची, आपल्याच कुटुंबातल्या एका म्हाताऱ्या नातेवाईक बाईवरून सुचलेली. ‘मम्मो’, ‘सरदारी बेगम’ (१९९६) आणि ‘झुबैदा’ (२००१) या तिन्ही चित्रपटांच्या मागे त्यांच्याच घरातल्या बायका आहेत. ‘मम्मो’ला उत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि फय्याजीच्या भूमिकेसाठी सुरेखा सिक्री यांना सहायक अभिनेत्रीचा. पुरस्कारांचं जाऊ द्या. मला या चित्रपटात सर्वांत मोलाची वाटते ती फरीदा जलाल यांची बडबड.

हो, बडबड. मम्मो सतत बोलते. सल्ले देते, शेजाऱ्यांच्या भानगडीत पडते, बहिणीला टोचून बोलते, पोराशी दोस्ती करते आणि त्याच्यापासून घराने लपवलेलं त्याच्या बापाचं खरंही सांगून टाकते. समीक्षकांनी या पात्राला ‘लाघवी’ म्हटलं, ‘जिंदादिल’ म्हटलं. मला ते अपुरं वाटतं. ज्या बाईचा मुक्काम एकेक महिन्याचा असतो तिला गप्प बसणं परवडत नाही. तिला घरात आपली गरज निर्माण करावी लागते, कारण कागदावर तिची गरज कोणालाच नाही. जी घरात बोलते तीच खिडकीपुढेही बोलते. तिथे तिची आर्जवं, दुवा, खुशामत, सगळं ओसंडून वाहतं. आमच्या फुफीला मी ठाण्यात असंच पाहिलं आहे. घरात कोणाचं न ऐकणारी बाई तिथे पंचविशीतल्या पोराला “साहेब, तुमच्या लेकरांना अल्ला सुखी ठेवो” म्हणायची. त्या वयात मला तिची लाज वाटली होती. ‘मम्मो’ पाहिल्यावर मला माझी लाज वाटली.

आता ‘रेत समाधी’. या कादंबरीच्या डेझी रॉकवेल यांनी केलेल्या इंग्रजी अनुवादाला २०२२ साली आंतरराष्ट्रीय बुकर पारितोषिक मिळालं. भारतीय भाषेतून अनुवादित झालेल्या पुस्तकाला ते पहिल्यांदाच मिळत होतं, त्यामुळे आपल्याकडेही तिची बरीच चर्चा झाली. ती शेवटपर्यंत किती जणांनी वाचली हे मात्र विचारू नये. तीन भाग आहेत : ‘पीठ’, ‘धूप’ आणि ‘हद-सरहद’. ऐंशी वर्षांची माँ नवऱ्याच्या मृत्यूनंतर अंथरूण धरते, घराकडे पाठ करून भिंतीकडे तोंड वळवून पडून राहते. मग उठते, नाहीशी होते, सापडते, आणि मुलाच्या सरकारी बंगल्यातून एकट्या राहणाऱ्या मुलीकडे जाते. तिथे रोजी नावाच्या हिजड्याशी तिची जुनी, गाढ ओळख असल्याचं उलगडतं. रोजीचा खून होतो, आणि माँ मुलीला घेऊन पाकिस्तानात जाते. वाघ्यापर्यंत सगळं कायदेशीर आहे. पण तिला खैबरला जायचं आहे आणि तिथला व्हिसा तिच्याकडे नाही. पकडल्या जातात, चौकशी होते. तेव्हा कळतं की फाळणीपूर्वी ही चंदा होती आणि तिचा पहिला नवरा अन्वर नावाचा माणूस होता.

शिल्पाबद्दल माझी तक्रार नाही. कावळे बोलतात, दरवाजा साक्ष देतो, वाघ्यावर फाळणीवर लिहिलेल्या लेखकांची बैठक भरते. हे सगळं मी आनंदाने वाचलं, काही पानं ओलांडूनही वाचलं. मुलीचं चित्रण तर फारच खरं आहे. मोकळ्या वळणाची म्हणून मिरवलेली ही मुलगी परमुलखात आईच्या स्वातंत्र्याला घाबरते, तिला गप्प करू बघते, कागदपत्रं हुडकत राहते. विधवा आईचा हात धरून जो कोणी कधी सरकारी रांगेत उभा राहिला आहे त्याला ही धास्ती ठाऊक आहे. आई खरं बोलली तर काय होईल, हीच आपल्याला सर्वांत मोठी भीती असते.

माझा मतभेद आहे तो चौकशीच्या प्रकरणांबद्दल. माँ अधिकाऱ्यांपुढे घाबरत नाही. ती त्यांना लेकरांसारखं वागवते, उलट प्रश्न करते, मी इथलीच आहे हा सूर सोडत नाही, आणि सरहद्द म्हणजे काय यावर एक लांबलचक, देखणं भाषण करते. शेवटी गोळी लागून ती पडते तीही स्वतःला हवी तशी, पाठीवर. हे वाचताना डोळे भरून येतात. पण पुस्तक मिटल्यावर मला प्रश्न पडला : हे भाषण करण्याची मुभा कोणाला असते?

माँ एका बड्या सरकारी अधिकाऱ्याची आई आहे. ती ज्या देशातून आली आहे तिथे तिच्या मागे घर आहे, दूतावास आहे, तिच्या नावावर शंका घेणारं कोणी नाही. परत जायला जागा असलेल्या माणसाचा तो निर्भयपणा आहे. मम्मोला परत जायला जागाच नाही. लाहोरहून हाकललेली आणि मुंबईत न सामावणारी. शिवाय मुंबईत ती ‘पाकिस्तानी’ आहे, आणि तिच्या बोलण्याचा भार फय्याजीच्या आणि रियाजच्या डोक्यावर बसतो. मम्मो जर सरहद्द म्हणजे काय यावर पोलीस अधिकाऱ्यापुढे बोलू लागली असती तर दुसऱ्या दिवशी पोलीस फय्याजीच्या दारात आले असते. आपल्या घरांत पाकिस्तानी पाहुणा आला की मोठी माणसं आवाज खाली करत, आठवतं का? क्रिकेटची मॅच असली की रेडिओसुद्धा हळू. तो खाली आलेला आवाज ‘मम्मो’मध्ये आहे. ‘रेत समाधी’त नाही, आणि तसा तो तिथे असण्याची अपेक्षाही कदाचित अन्यायाची ठरेल, कारण गीतांजली श्री यांना खिडकीपेक्षा आभाळ लिहायचं आहे. तरीही ज्यांनी खिडकी पाहिली आहे ते माँच्या भाषणाला टाळ्या वाजवतील आणि मम्मोला ओळखतील.

‘मम्मो’चा शेवटही अनेकांना हलका वाटला. वीस वर्षांनी मम्मो पुन्हा दारात उभी राहते. या वेळी तिला कोणी नेऊ नये म्हणून घरचे एक युक्ती करतात : तिच्या मृत्यूचा दाखला मिळवतात. सरकारदरबारी मम्मो मेली, घरात मम्मो जिवंत. प्रेक्षक हसतात. मला मात्र हा शेवट चित्रपटातली सर्वांत कठोर गोष्ट वाटते. वर्षानुवर्षं अर्ज करून जे कार्यालय तिला जिवंत माणूस म्हणून राहू देत नाही, ते मेलेली म्हणून तिची नोंद करून घेतं. आणि या दाखल्यानंतर मम्मोचं काय? ती दवाखान्यात कोणत्या नावाने जाणार? खरोखर मेल्यावर कब्रस्तानात दुसरा दाखला कुठून येणार? चित्रपट हे विचारत नाही. ‘मम्मो’बद्दल माझी खरी तक्रार इथेच आहे. शिवाय सगळा दोष एका बदली होऊन आलेल्या अधिकाऱ्यावर येतो आणि नियम मात्र सुटतो. पहिला अधिकारी पैसे खाणारा म्हणून आपल्याला बरा वाटतो, दुसरा नियमाने चालणारा म्हणून दुष्ट! ही गंमत बेनेगलांनी हेरली असावी, पण तिच्यावर ते थांबत नाहीत.

आणखी एक आजी इथे आठवते. एम. एस. सथ्यू यांच्या ‘गर्म हवा’मधली, सलीम मिर्झांची आई. हवेली सोडायची वेळ येते तेव्हा ही म्हातारी लपून बसते. शेवटी मरणाच्या दारात तिला पालखीतून त्याच घरी आणावं लागतं. तिला दुसऱ्या देशात जायचं नाही, तरी तिचं घर तिच्या देशातच परकं झालं. त्याच चित्रपटात लग्नासाठी कागदांवाचून आलेल्या काजिमला पोलीस उचलून नेतात. तरुण पुरुषाची हद्दपारी आपल्याला शोकांतिका वाटते. म्हातारीची मात्र ‘आता काय, दोन दिवसांची सोबती’ म्हणून आपण बाजूला ठेवतो.

हे सगळं जुनं झालं असं कोणी म्हणू नये. समझोता एक्स्प्रेस १९७६ मध्ये सुरू झाली आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये थांबली. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये भारताने पाकिस्तानी नागरिकांचे बहुतेक व्हिसा रद्द केले आणि अटारीचं ठाणं बंद केलं. निरपराधांना मारणाऱ्यांबद्दल कोणाच्या मनात दया असायचं कारण नाही. पण त्या आठवड्यात अटारीच्या फाटकापुढे जी माणसं उभी होती त्यांत वेगवेगळ्या रंगांचे पासपोर्ट घेतलेल्या आया आणि मुलं होती. आईने इकडे थांबायचं, लेकराने तिकडे जायचं. टीव्हीवर ती दृश्यं पाहताना माझ्या घरात कोणी बोललं नाही. पुन्हा आवाज खाली आला.

आणि आपलं, मराठी मुसलमानांचं लेखन? १९९० च्या सोलापूरच्या संमेलनापासून आपण आपल्या जगण्याचं मराठीत आणण्याचा आग्रह धरला. तलाक, दंगल, मोहल्ला, गरिबी, ओळखीचा प्रश्न; यांवर कथा-कविता आल्या, चांगल्या आल्या. कराचीची फुफी मात्र माझ्या वाचनात फारशी आलेली नाही. आखाताचं तर विचारूच नका. कोकणात असं गाव दाखवा जिथे कुवेत, मस्कत, दमामच्या पैशाचं घर नाही. आपल्या कथांत आखात म्हणजे पैसा, अत्तर, टेपरेकॉर्डर आणि वाट बघणारी बायको. जी बायको तिथेच होती आणि तिथेच विधवा झाली तिचं काय? तिचा राहण्याचा परवाना नवऱ्याच्या नोकरीला बांधलेला. तो मेला की मय्यत हलवण्याचे कागद, कफीलची संमती, दूतावासाचा दाखला, मुलांची शाळा आणि स्वतःचा संपत चाललेला परवाना, हे सगळं इद्दतीच्या दिवसांत तिच्या अंगावर येतं. संयुक्त अरब अमिरातींनी २०१८ मध्ये विधवा आणि तलाकशुदा स्त्रियांना कफीलवाचून एक वर्ष राहण्याची सवलत दिली, तेव्हा त्या एका वर्षाची किंमत काय असते हे आपल्यातल्या कितीतरी बायकांना कळलं असेल. चार महिने दहा दिवस घरात बसण्याचा हुकूम आणि अमुक तारखेच्या आत खिडकीवर हजर राहण्याचा हुकूम, या दोहोंच्या मधे उभी असलेली बाई ही पूर्ण कादंबरी आहे. तिच्यासाठी कावळ्यांनी बोलायची गरज नाही.

आमच्या शेजारची एक बाई अशीच दोन मुलं आणि नवऱ्याची मय्यत घेऊन आखातातून परतली. मी तिला ‘मम्मो’ दाखवला, ‘रेत समाधी’ची गोष्टही सांगितली. माँचं भाषण सांगितल्यावर ती म्हणाली, “भाईजान, तिथं आपल्याला भाषा कुठं येते?” मग ती तिच्या खिडक्यांविषयी बोलू लागली. कुठल्या खिडकीवर कोणता कागद, कुठे दुपारच्या नमाजनंतर रांग मोडायची, कुठे बाईला पुढे घ्यायचे आणि कुठे मुद्दाम मागे. नवऱ्याच्या कंपनीतल्या माणसांची नावं ती विसरली होती, खिडक्यांचे नंबर पाठ होते. एका खिडकीवर एक सुदानी कारकून होता. त्याने तिच्याकडे कागद मागण्याआधी उठून स्वतःची खुर्ची बाहेर आणून दिली, धाकट्याला पाणी पाजलं आणि ती रडायची थांबेपर्यंत उभा राहिला. मागची रांग ओरडत होती. त्याचं नाव तिने विचारलं नाही, म्हणाली, विचारायचं सुचलंच नाही.